कुंकू लागलेला फिल्टर

सरजाबाईला कुणी चांगली बाई म्हणालं, तर मानवतच्या जिनिंगमधल्या बाया तोंडाला पदर लावून हसतील. ती चांगली नव्हती. तोंडाची फाटकी, हाताची कडक, आणि कुणाचं वाईट झालं तर मान बी न वळवणारी. नवरा ऊसतोडीला गेला आणि तिकडंच वारला. निरोप आला तेव्हा ती जिनावर, सरकी काढायच्या मशीनवर, कापूस लावत होती. पाळी संपवली, अंगावरची रुई झटकली आणि मग निघाली. ताडकळसला दिलेली लेक सणाला येत नाही, आणि हिनं बी कधी बोलावणं धाडलं नाही.

पाथरी रस्त्याला ही जिनिंग आहे. पत्र्याची तीन शेडं, मधी वजनकाटा, मागं सरकीचा ढीग. तिथं सरजाबाईनं एकवीस हंगाम काढले. त्यातले पहिले सतरा रुईत. रुईतलं काम कसं असतं ते बाहेर निघणाऱ्या बाईकडं बघूनच कळतं. सकाळी आत गेलेली वीस वर्षांची पोरगी सांजच्याला म्हातारी होऊन बाहेर पडती. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. अंगावरचं झटकलं की जातं. नाकातून आत गेलेलं जात नाही.

सतराव्या हंगामात सरजाबाईला चार पायऱ्या चढायला तीनदा बसावं लागायला लागलं. दवाखान्यात डॉक्टरानं फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं, "बाई, आता रुईत उभं राहू नका. छाती निम्मी भरलीय."

"निम्मी म्हंजे आजून निम्मी हाय की," सरजाबाई म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

पण ते बोलण्यापुरतं. आतून ती भ्याली होती. दुसऱ्याच दिवशी तिनं दत्ता मिस्त्रीला गाठलं. दत्ता म्हणजे जिनिंगमधला सगळ्या मशिनींचा कारभारी. कंप्रेसरच्या खोलीतला माणूस काम सोडून पुण्याला गेला होता. ती जागा तिला पाहिजे होती.

"त्या आवाजात बसतीस? बहिरी हुशील," दत्ता हसला.

"बहिरी माणसं मरत न्हाईत," सरजाबाई म्हणाली.

कंप्रेसर म्हणजे लोखंडी कपाटाएवढं मशीन. बाहेरची हवा ओढायची, दाबून टाकीत भरायची आणि नळीनं साऱ्या जिनिंगला पुरवायची. त्याच हवेवर रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसची दारं उघडतात, त्याच हवेवर जिनाचे रूळ दाबून धरतात. हवा गेली की सारी जिनिंग हात चोळत बसती. आता हे मशीन हवा ओढणार कुठली? जिनिंगचीच. तिच्यात रुई, कचरा, धूळ. म्हणून त्याच्या तोंडाला एक फिल्टर बसवलेला असतो. धान्याच्या पायलीएवढा गोल, जाड कागदाच्या बारीक बारीक घड्यांचा. सारा केर तो अंगावर घेतो आणि मशीनला साफ हवा देतो.

अवधूत नावाचा कंपनीचा इंजिनिअर वर्षातून दोनदा संभाजीनगरहून यायचा. सरजाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं तिला हातानं दाखवून शिकवलं. मशीन बंद करायचं. झाकण काढायचं. फिल्टर अलगद ओढायचा, तळहातावर हळू हळू ठोकायचा. मग टाकीतली हवा कमी दाबानं, वीतभर लांबून, आतल्या बाजूनं बाहेर मारायची. बाहेरून आत मारली की केर घड्यांत आणखी खोल जातो. मग मोबाईलची बत्ती फिल्टरच्या पोटात धरून बाहेरून बघायचं. कुठं उजेडाचा ठिपका दिसला की तिथं भोक, म्हणजे फिल्टर गेला. डब्यातून कोरडं फडकं फिरवायचं, रबर बघायचं, बसवायचं.

"आणि मावशी, पाणी लावायचं नाही. कागद आहे तो. एकदा भिजला की संपला," अवधूत म्हणाला होता.

सरजाबाईनं ते डोक्यात असं बसवलं, की हंगामात दिवसातून दोनदा, सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत, चार वर्षं एकदा बी चुकली नाही. केर साचला की मशीनवर लाल दिवा लागायचा, त्याची तिनं कधी वाट बघितली नाही. तिला आवाजावरून कळायचं. फिल्टर दाटला की मशीन शीळ घालायला लागायचं, बारीक, दमेकऱ्याच्या नाकासारखी. अन् त्या खोलीला दार होतं, खिडकीला बारीक जाळी होती. दार लावलं की रुई आत येत नव्हती. चार वर्षांत तिचा खोकला पार गेला नाही, पण वाढायचा थांबला. ही खोली म्हणजे तिची उरलेली निम्मी छाती होती, आणि हे तिला पक्कं माहीत होतं.

म्हणून ती त्या दाराशी कुणाला टेकू देत नव्हती. रुईतल्या बाया दम लागला की दोन मिनिटं टेकायला यायच्या. ती त्यांना कुत्री हाकलावी तशी हाकलायची. मागच्या उन्हाळ्यात नवी लागलेली बबिता ठसका लागून डोळे पांढरे करत आली.

"मावशी, जरा आत येऊ द्या. जीव घाबरा व्हायलाय."

"हितं का तुज्या मामाचं घर हाय? दार उघडं ऱ्हायलं की रुई आत येती. व्हय तिकडं."

बबिता दाराबाहेर भिंतीला धरून खोकत राहिली. आतून कडी लागली.

दत्तानं ते बघितलं होतं. हसला होता.

त्या हंगामाच्या शेवटी प्रेसच्या पट्ट्यात एका हमालाचा उजवा हात कोपरापर्यंत गेला. पट्ट्याला जाळी नव्हती. ती आजूनबी नाही. सेठच्या आईनं, साऱ्या जिनिंगमधी तिला सेठाणी म्हणतात, असं ठरवलं की मशिनींवर कुणाची तरी नजर आहे. एरवी खंडेनवमीला नुसतं वरच्या पत्र्याला हळदकुंकू लागायचं, हार पडायचा. ह्या साली सेठाणीनं हुकूम काढला, की एकेक मशीन उघडून आतून-बाहेरून आंघोळ घालायची.

खंडेनवमीला सगळी जिनिंग धुऊन निघाली. सवाष्णी आत, बाकीच्या बाहेर. सरजाबाई वजनकाट्याच्या कट्ट्यावर बसलेली. तिथूनच तिला दिसलं. उन्हात एक परात होती. परातीत स्क्रू, पाने, जिनाचे रूळ घासायचे ब्रश, आणि मधोमध तिचा फिल्टर. धुण्याच्या पावडरीनं घासून, बादलीत बुडवून काढलेला. कागदाच्या घड्यांवर सेठाणीच्या पाच बोटांचं कुंकू, भोवती झेंडूची माळ. आणि परात धरून उभी होती बबिता, नव्या साडीत.

सरजाबाई उठून गेली. "दत्ता मिस्त्री, त्ये कागदाचं हाय. भिजलं म्हंजे मेलं त्ये."

"सणाच्या दिशी मेलं-बिलं म्हनू नको."

"वाळलं की घड्या चिकटत्यात. हवा जात न्हाई. अवधूतसायबानं कपाटात नवा ठिवलाय, त्यो लावा उद्या."

"चार वर्सं फुकून फुकून इंजिनेर झालीस व्हय?" दत्तानं आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सेठाणीच्या हातचं कुंकू हाय त्याच्यावर. तुज्या कपाळाला तर लागत न्हाई, त्याच्या तरी लागू दे की."

बाया खिदळल्या. सगळ्यात मोठ्यानं बबिता हसली. पोरीचं वय हसायचं होतं. पण सरजाबाईनं तिच्याकडं बघितलं ते बघून शेजारच्या सुमनबाईनं हसू गिळलं.

दसऱ्याला दुपारी हंगामाचा मुहूर्त होता. सरजाबाई सकाळीच आली. राखणदार तोंड धुवायला गेला होता. खोलीची किल्ली तिच्याच कमरेला होती, ती काढून घ्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं पूजेनंतर माळेसकट परत बसवलेला भिजलेला फिल्टर काढला. कागद वाळून वाकडा झाला होता, घड्या एकमेकींना धरून बसल्या होत्या. बत्ती आत धरली तर निम्म्या कागदातून उजेडच येईना. कपाटातून नवा काढला, बसवला, झाकण लावलं. जुना माळेसकट उचलून शेडामागं तेलकट चिंध्यांच्या ढिगात टाकला. तिच्या लेखी तो कचरा होता. माळ काढून घ्यायची बुद्धी झाली नाही. एवढीच तिची चूक.

दुपारी नारळ फुटला. दत्तानं खटका दाबला. मशीन असं गोड चाललं, की सेठसुद्धा म्हणाला, "बघा, आंघोळीनं कसं मोकळं झालं." सगळ्यांनी हात जोडले. तेवढ्यात शेडामागून राखणदाराची शेळी आली, झेंडूची माळ चघळत. माळेला अडकून मागं मागं फरपटत आला कुंकू लागलेला फिल्टर.

जोडलेले हात तसेच राहिले. शेळी तेवढी खात राहिली.

"कुनी केलं ह्ये?" सेठाणीनं विचारलं.

"म्या," सरजाबाई काट्याच्या कट्ट्यावरून म्हणाली. लपवायची तिला सवय नव्हती. "आवाज ऐका की. नव्या फिल्टरवर चालायलंय मशीन. म्हनून चांगलं चालायलंय."

आवाज कुणी ऐकला नाही. सेठाणीनं तिच्याकडं बोट केलं. "मुहूर्ताच्या आदी हिचा हात लागला. पुजलेलं उकिरड्यात टाकलं. अन् मागल्या साली हात गेला त्या गड्याचा, तवा बी हीच हुती खोलीत."

खोली प्रेसपासून शंभर पावलांवर. पण तो हिशेब कोण मांडतंय?

सगळ्यांच्या समोर दत्तानं मशीन बंद केलं. नवा फिल्टर काढला. शेळीनं चाटलेला फिल्टर गोमूत्रानं परत धुतला, सेठाणीनं परत कुंकू लावलं, आणि तोच ओलाच्या ओला मशीनच्या तोंडात बसला.

"बबिता," दत्ता म्हणाला, "उद्यापून खोलीत तू. रोज पत्र्याला कुंकू लावायचं. झाकण उघडायचं न्हाई. उघडूनच ह्ये सगळं झालंय." मग सरजाबाईकडं हात केला. "किल्ली."

तिनं किल्ली त्याच्या हातात दिली नाही. जमिनीवर टाकली. दत्ता वाकला नाही, बबिता वाकली.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई जिनावर उभी राहिली. नेमकं अठरा नंबरला, कंप्रेसरच्या भिंतीला लागून. आठ दिवसांत खोकला परत वाढला. सुमनबाई सांगते, की ती खोकायची तेव्हा पाटीतला कापूस सांडायचा, मुकादम शिव्या द्यायचा, ती परत भरायची. तक्रार केली नाही. तिच्या बाजूची भिंत मात्र बोलत होती. पलीकडं मशीन शीळ घालायलं होतं. रोज थोडी जास्त.

पाचव्या-सहाव्या दिवशी बबिता चहा घेऊन आली. वाईट पोरगी नव्हती ती. दोन घोट तरी मावशीला द्यावेत म्हणून आलेली.

"मावशी, मशीन शीळ घालायलंय. लाल दिवा बी लागलाय. मिस्त्री म्हनतेत, नवीन तेल हाय, बसंल हळूहळू. तुमी काय करत हुता असं झालं तर?"

सरजाबाईनं चहा पिला. पेला परत दिला.

"मला काय इचारतीस? म्या पांढऱ्या कपाळाची. तू सवाशीन हायीस. कुंकू लाव."

बबितानं खरंच लावलं. दुप्पट.

अकराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी शीळ थांबली. एकदम. लाल दिवा विझला. मशीन मोकळं, भरघोस चालायला लागलं. बबिता पळत आली, हातात खोबऱ्याचे तुकडे, तोंड उजळलेलं. साऱ्या बायांना एकेक तुकडा वाटला.

"मावशी, आवाज बगा की! आपुआप मोकळा झाला. दिवा बी गेला."

सरजाबाईनं जिनावरचा हात काढला, भिंतीला कान लावला. तिला कळायला श्वासभर वेळ लागला. ओढून ओढून कागद फुटला होता. अडवणारंच कुणी उरलं नव्हतं म्हणून आवाज मोकळा झाला होता. आता जिनिंगची रुई, धूळ, कचरा सरळ मशीनच्या पोटात जायला लागला होता, तेलात कालवायला लागला होता. आता मशीन बंद करून झाकण उघडलं असतं, तर तेल बदलून भागलं असतं. उद्यापर्यंत बी भागलं असतं. एक वाक्य बोलायचं होतं.

बबिता पुढ्यात उभी होती, वाट बघत.

"चांगला झालाय का व मावशी?"

"लय चांगला," सरजाबाई म्हणाली. तिनं खोबरं तोंडात टाकलं. "देव पावला तुला."

पुढचे आठ दिवस मशीन तापत राहिलं. तापलं की आपोआप बंद पडायचं. दत्ता यायचा, बटन दाबायचा, परत चालू करायचा. सुरुवातीला दिवसातून एकदा, मग चारदा, मग त्यानं बटनाजवळ स्टूलच टाकून घेतलं. बबिता पत्र्याला कुंकू लावत राहिली. नवव्या दिवशी लोखंडाला लोखंड धरावं तसा आवाज झाला, जळक्या तेलाचा वास सुटला, आणि सारी जिनिंग थांबली. भर हंगामात. प्रेसची दारं अर्धी उघडी तशीच राहिली. सरजाबाईनं हातातली पाटी खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं. एवढंच केलं.

अवधूत आला. खोलीत सेठ, दत्ता, बबिता. दारात बायांची गर्दी, त्यात सरजाबाई मागं. त्यानं झाकण उघडलं आणि हात घालून फाटका कागद बाहेर काढला. कुंकवानं लाल झालेला. खालून तेल काढलं तर तेल नव्हतंच, काळ्या पिठल्यासारखं काहीतरी, त्यात रुईचे गोळे.

"हा धुतला कुणी?"

खोलीत सगळ्यांना माहीत होतं कुणी. सेठानं खिडकीकडं बघितलं. दत्तानं बबिताकडं.

"खोलीत ही हुती सायेब."

"मी हातच लावला न्हाई!" बबिता ओरडली. "झाकण उघडलंच न्हाई मी. एक दिस बी न्हाई!"

"म्हणजे अठरा-वीस दिवस साफच केला नाही," अवधूत म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, तो मशीनपुरतं बोलत होता. पण सेठाला तेवढं पुरलं. आईचं नाव न घेता बोलता आलं.

"ऐकलंस?" सेठ म्हणाला. "तुजं तूच कबूल केलंस."

बबितानं दत्ताकडं बघितलं. दत्ता पान्याला चिकटलेलं तेल पुसत होता. मग तिनं दाराकडं बघितलं, बायांच्या डोक्यांवरून, नेमकं सरजाबाईकडं. सरजाबाईनं नजर काढली नाही.

अवधूत हात पुसत म्हणाला, "त्या मावशी कुठं आहेत? त्यांना परत बसवणार असाल तर मी नवीन मशीनची जबाबदारी घेतो. नाहीतर तुमचं तुम्ही बघा."

नवीन मशीन आलं. किल्ली सरजाबाईच्या कमरेला परत आली. दत्तानंच आणून दिली, दोन हातांनी. तिनं एका हातानं घेतली.

"आता तरी तोंड गोड कर," तो म्हणाला.

"तुजं त्वांड आदी धू," ती म्हणाली. "कागदाचं न्हाई. पानी चालतंय."

खोकला मात्र आता तिच्याबरोबर आत आला. ह्या वीस दिवसांत गेलं ते गेलं. दार लावून बी तो थांबत नाही. जेवणाच्या सुट्टीत ती फिल्टर काढती, ठोकती, आतून बाहेर हवा मारती, बत्ती धरून बघती, आणि मधीच मशीनला टेकून खोकती. खोकून झालं की परत पहिल्यापासून सगळं.

बबिताला सेठानं काढलं नाही. जिनावर बाया कमी पडत होत्या. तिला अठरा नंबर दिला.

माघ लागला तसा तिला ठसका लागायला लागला. एक दिवस सुट्टीत ती खोलीच्या दाराशी आली. भुवया पांढऱ्या, तोंडावर एकेरी फडकं. आत यायचं म्हणाली नाही. चौकटीला धरून उभी राहिली. सरजाबाई फिल्टर हातात घेऊन बसलेली.

"मावशी, एक इचारू? त्या दिशी भिंतीला कान लावला तुमी. खोबरं दिलं मी तुमाला, त्या दिशी." तिला ठसका आला, तो जाईपर्यंत ती थांबली. "तुमाला तवाच ठावं हुतं ना?"

"हुतं."

बबिताला आणखी काही ऐकायचं होतं. शिवी तरी. सरजाबाईनं फिल्टर उलटा केला, तळहातावर दोनदा ठोकला, त्यातून पडलेली रुई फुंकरीनं उडवली.

"त्वांडाचं फडकं एकेरी बांधू नको," ती म्हणाली. "दुहेरी बांध. आन झटकताना आतल्या बाजूनं झटक. भाइरून झटकलंस तर आत जातंय."

मग तिनं पायानं दार लोटलं. उघडं राहिलं की रुई आत येती.